बांधलेला जिताडा

आश्विन अर्धा उलटला की भाताच्या लोंब्या वाकतात, दुपारच्या उन्हाला चटका येतो आणि मला राग यायला लागतो. हा राग घरातल्या कुणावर नसतो, म्हणून घरात तो कुणी मनावर घेत नाही. भांडी जरा आपटली जातात. स्टुडिओत फोटो काढायला बसलेल्या माणसाला "जरा हसा" म्हणताना माझाच चेहरा कठीण होतो. दिवाळी झाली की सगळं पूर्ववत. इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, पण तो राग काही म्हातारा झाला नाही. आणि खरं सांगायचं तर तो व्हावा असं मला वाटतही नाही.

यंदा त्याला निमित्त मिळालं कोलाडला. पेणहून रोह्याला दादाकडे निघाले होते. हायवेवरच्या एका खाणावळीत चहाला थांबले. दारावर माणसाच्या उंचीचा फ्लेक्स लावलेला, ‘ताजा जिताडा मिळेल’, आणि अक्षरांच्या मागे तो फोटो. मासा थेट समोरून, जबडा गुहेसारखा उघडलेला, डोळा निखाऱ्यासारखा. मी चहाचा कप हातात धरून तशीच बघत राहिले. गल्ल्यावरच्या मालकाला वाटलं, बाई खूश झाल्या.

"भारी हाय ना, ताई? नेटवर सापडला. कसला टाइमिंग साधलाय बघा."

जबड्याच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक पांढरी रेघ खाली गेली होती. फ्लेक्सवर ती बोटाएवढी जाड झाली होती. मी विचारलं, "ही रेघ कसली?"

"ती व्हय? घडी पडली असंल कापडाला," तो म्हणाला.

घडी पडली नव्हती. तो नायलॉनचा दोरा होता आणि तो मासा मी ओळखत होते. अर्धा चहा तसाच ठेवून मी उठले.

आमचा स्टुडिओ पेणला, बाजारपेठेच्या मागच्या आळीत. आधी वडील चालवायचे, त्यांच्यानंतर मी. ही गोष्ट डिजिटल कॅमेरे यायच्या अगोदरची. एका रोलमध्ये छत्तीस फोटो आणि ते कसे आलेत ते रोल धुतल्यावर कळणार. त्या काळात आमचं वर्ष गणपतीभोवती फिरायचं. आषाढ-श्रावणात हमरापूरच्या कारखान्यांतून बोलावणी यायची. व्यापाऱ्यांना दाखवायला मूर्तींचे फोटो हवे असत. शाडूचा ओला वास, पत्र्यावर पावसाचा ताशा, ओळीने मांडलेले पांढरे गणपती आणि त्यांच्यामधून पाय जपत फिरणारी मी. मूर्तीचा फोटो उभ्याने वरून काढला तर देव झोपल्यासारखा दिसतो. म्हणून मी जमिनीवर मांडी घालून बसायची, कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या रेषेत आणायची. कुणाचाही फोटो काढायचा तर आधी त्याच्या उंचीला जाऊन बसायचं, एवढं त्या कारखान्यांनी माझ्या अंगात मुरवलं.

विसर्जन झालं की सगळं एकदम थांबायचं. नवरात्र ते दिवाळी हातात रिकामा वेळ. त्या रिकाम्या वेळात मला हिराकाकीच्या तळ्याने गाठलं.

पेणच्या पश्चिमेला खारेपाट आहे. खाडीचं पाणी बांध घालून अडवलेलं, बांधाच्या आत भातशेती आणि प्रत्येक घराच्या मागे एक तळं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटाएवढी पिल्लं धरून आणतात आणि या तळ्यांत सोडतात. मासा मूळचा समुद्राचा, पण गोड्या पाण्यातही राहतो आणि वर्षानुवर्षं वाढतो. पाहुण्याला, जावयाला तो वाढायचा. एखाद्या साहेबाकडे काम अडलं असेल तर त्याच्या घरी पोचवायचा. हिराकाकीच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. अल्बम द्यायला गेले तेव्हा ती तळ्याच्या पायरीवर बसून हाताने पाणी थोपटत होती. पाण्याच्या पोटातून एक राखाडी सावली वर आली, ‘टॉक’ असा आवाज झाला आणि काकीने टाकलेली कोळंबी नाहीशी झाली.

"आठ-दहा वर्सांचा असंल," काकी म्हणाली. "जावयाला वाढायचा व्हता. पण हळद लागली आणि माझा हातच व्हईना गो. बाजारातून दुसरा आणला."

त्या आवाजाने मी वेडी झाले. तोंड उघडून, आत ओढून, तोंड मिटेपर्यंत डोळ्याची पापणीसुद्धा लवत नाही. काठावरून फक्त आवाज आणि तरंग. मला ते आतून बघायचं होतं.

माझा मोठा भाऊ तेव्हा रोह्याला कंपनीत इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला होता. पहिली शिफ्ट संपवून आला की जेवतानासुद्धा त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर असायचा. मी त्याला म्हटलं, "दादा, कॅमेरा पाण्यात न्यायचाय."

"त्यापेक्षा विहिरीत टाक. लवकर काम होईल," तो म्हणाला. पण पुढच्या रविवारी मी रोह्याला गेले तेव्हा त्याने ॲक्रिलिकच्या जाड तुकड्यांची पेटी करून ठेवली होती. कडेला रबराची पट्टी, शटर दाबायला एक दांडी, रोल पुढे ढकलायला एक चावी. आधी नुसती पेटी बादलीत बुडवून ठेवली, आत वर्तमानपत्राचा कागद घालून. कागद कोरडा निघाला तेव्हा वहिनीने त्याला जेवायला वाढलं.

मग मी तळ्यात उतरले. दादाची जुनी हाफपँट, अंगात लांब बाह्यांचा शर्ट, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी आणि तरंगू नये म्हणून कमरेला दगडांची पिशवी. बांधावरून जाणाऱ्या बायका थांबायच्या. "बाईला काय झालंय?" त्या काकीला विचारायच्या. काकी सांगायची, "फोटोवाली हाय. येडी हाय थोडी, पण मुलगी बरी."

पहिला रोल धुतला तेव्हा सगळ्या फोटोंत चहा होता. दुधाचा चहा. माझ्याच पायांनी उडवलेला गाळ. दुसऱ्या रोलमध्ये शेपट्या. मासा जिथे दिसतोय तिथे कॅमेरा रोखायचा आणि बटण दाबेपर्यंत तो वळलेला असायचा. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं, की तो आत्ता कुठे आहे याला काही अर्थ नाही. तो कुठे येणार आहे, तिथे आपण आधी जाऊन, गाळ बसेपर्यंत गप्प राहायला हवं. आणि त्याच्या मागे तर कधीच जायचं नाही. मागे गेलं की आपण शिकारी. बाजूला पडून राहिलं की आपण दगड.

पाण्याची वेळ वेगळी, उजेडाची वेगळी आणि माशाची आणखी वेगळी. उधाणाच्या दिवसांत बांधाच्या उघाडीतून, म्हणजे दरवाजातून, खाडीचं पाणी चरात शिरायचं आणि तळं ढवळायचं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती-ओहोटीला जोर नसतो, तेव्हा पाणी निवळायचं. म्हणजे पंधरवड्यात मोजके दिवस. त्यातही सूर्य नारळांच्या वर आल्यावर तळाच्या पायऱ्यांवर ऊन पडायचं आणि थोड्याच वेळात सरकायचं. आणि नेमक्या त्या वेळी जिताडेसाहेबांना भूक असेलच असं नाही. मी खालच्या पायरीला हात लावून आडवी पडायची, खांद्यावर ऊन घ्यायची, कॅमेरा शेवाळाला टेकवायची आणि वाट बघायची. काकी वर बसून तांदूळ निवडायची. मला पाण्यातून तिचे पाय आणि थरथरणारी सुपाची कड दिसायची.

आजही डोळे मिटले की ते हिरवं पाणी समोर येतं. त्यात उन्हाच्या तिरप्या काठ्या रोवलेल्या. माझ्याच श्वासाचा नळीतून येणारा आवाज. कानात गार मुंग्या. कुठून तरी एक चिंगळी, इवलीशी कोळंबी, यायची, काचेवर मिशा घासायची. आणि मग कधीतरी, मी दुसरंच काही बघत असताना, समोरच्या सावलीला डोळा फुटायचा. सोनेरी, आत तांबूस दिवा असलेला. तो मला बघत असायचा. त्या नजरेत प्रेम-बीम काही नव्हतं, उगाच कशाला खोटं बोलू. एका मोठ्या, सावध प्राण्याने मला मोजलं होतं आणि सोडून दिलं होतं. एवढंच. पण मला ते फार वाटायचं.

त्या मोसमात शेवटी मला एक फोटो मिळाला. तोंड मिटलेलं आहे, क्षण किंचित हुकलाय. ओठाच्या कोपऱ्यातून कोळंबीची एक मिशी बाहेर राहिली आहे. मासा माझ्याकडे बघतो आहे. काकीला मोठा करून नेऊन दिला तेव्हा तिने पदराला हात पुसून तो धरला. "चोरून खाल्ल्यावर माझा मुलगा असाच बघायचा," ती म्हणाली. तिने एकच मागितलं, फोटोखाली गावाचं नाव लिही. मी लिहिलं आणि एक प्रत स्टुडिओच्या काचेच्या पेटीत लावली.

नंतर मला पुष्कळ जणांनी ऐकवलं, नाव लिहायला नको होतं. का नको? चांगली गोष्ट जिथे घडली त्या जागेचं नाव लपवायचं आणि वाईट माणसांना रस्ता सापडू नये याची काळजी आपण करायची, हा कुठला न्याय? मला त्यात तेव्हा चूक वाटली नाही, आज वाटत नाही.

तो पुढच्या आश्विनात आला. नाव सांगत नाही, त्याला माझ्या लेखातसुद्धा जाहिरात कशाला. मुंबईचा, मासिकांतून फोटो छापून येणारा, मऊ बोलणारा माणूस. गोव्याला जाताना पेणला थांबला होता, काचेतला फोटो बघून आत आला. बराच वेळ बघितल्यावर म्हणाला, "छान आहे. पण तोंड मिटलंय. उघडं असतं तर हा फोटो जगभर गेला असता."

"तो उघडतो तेव्हा मी असते तिथे," मी म्हटलं. "यंदा बघू, मिळाला तर मिळाला."

"मिळाला तर नाही. मिळवायचा असतो," तो हसून म्हणाला. मला तो हसण्यासारखा विनोद वाटला नाही, पण धोक्याचाही वाटला नाही.

पुढच्या भांगाला मी रोह्याला होते. वहिनी आजारी होती आणि दादाची दुसरी शिफ्ट. त्याच दिवसांत तो दोन मदतनीस आणि भलेमोठे दिवे घेऊन थेट काकीच्या दारात गेला. काकीला वाकून नमस्कार केला, मिठाईचा पुडा ओटीवर ठेवला. फोटोवाल्या बाईंच्या ओळखीचा आहे म्हणाला. थोडा वेळ तळ्यात उतरू का, विचारलं. काकी हो म्हणाली. नाही कशाला म्हणेल? मी गेल्या मोसमात तेच तर करत होते. कापणी सुरू झाली होती, भात झडायला आलं होतं. ती विळा घेऊन शेतावर गेली.

पुढचं मला तिनेच सांगितलं. ती दुपारी पाणी प्यायला परत आली तेव्हा तळं उन्हातसुद्धा दिव्यांनी पेटल्यासारखं दिसत होतं. मदतनीस काठावरून दिवे पाण्यावर धरून उभे. तो पाण्यात. आणि तळाच्या पायरीला एक जुनी लोखंडी कडी होती, तिला नायलॉनचा दोरा बांधलेला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जबड्यातून गळ आरपार गेलेला, तिचा जिताडा. मासा ओढ घेत होता, थांबला की तो माणूस दोरा ओढत होता. ओढ बसली की तोंड उघडत होतं. तोंड उघडलं की पाण्यात पांढरा लखलखाट होत होता.

"सोड त्याला," काकी म्हणाली.

त्याने डोकं वर काढलं. "झालंच, काकी. दोन मिनिटं."

"सोड म्हटलं ना."

"अहो, काही होत नाही त्याला. नंतर गळ काढून देतो. दोन मिनिटं फक्त."

काकीला पोहता येत नाही. ती लुगड्यासकट पायऱ्या उतरली, छातीपर्यंत पाण्यात गेली आणि हातातल्या विळ्याने दोरा कापला. मासा गेला. तळातला सगळा गाळ वर आला. आणि तो माणूस मुखवटा कपाळावर सरकवून तिला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "काकी, पाणी गढूळ केलंत तुम्ही."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती जणांना सांगितलं असेल. काहींना हसू येतं. मला येत नाही. तिच्या तळ्यात उभं राहून, तिच्या माशाच्या जबड्यात गळ घालून, तिलाच ऐकवतो की पाणी तू गढूळ केलंस.

मी दोन-तीन दिवसांनी पोचले. पाण्यात उतरले पण स्वतःचा हात दिसत नव्हता. चाचपत चाचपत पायऱ्यांच्या कपारीशी गेले तेव्हा बोटांना आधी दोरा लागला. अर्ध्या हाताचा तुकडा लोंबत होता. मी धरला तसा मासा हिसका देऊन आणखी आत गेला. काकीच्या मुलाने जाळं टाकून बघितलं. आला नाही. काकीने पाणी थोपटलं. आला नाही. कोळंबी तरंगत राहिली. मग एका सकाळी तोच तरंगत वर आला, पांढरं पोट आभाळाकडे करून. कापणीला आलेल्या बायका काठावर जमल्या. एकीने हळूच विचारलं, "कापायचा काय?"

"असा मेलेला खात नाय," काकी म्हणाली आणि नारळाच्या बुडाशी खड्डा खणायला सांगून शेतावर निघून गेली. त्या दिवशी तिने दोन माणसांचं भात कापलं असेल.

त्याच थंडीत आमच्याच गावात, वाचनालयाच्या हॉलमध्ये, त्याचं व्याख्यान ठेवलं गेलं. पाण्याखालच्या फोटोंसाठी क्षण आणि जागा कशी साधावी, असा विषय. बोलावणाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, निदान तोपर्यंत. मी काकीला आणलं. दादा सुट्टी टाकून रोह्याहून आला. भिंतीवर पांढरं कापड, मागे स्लाइड दाखवायचं यंत्र घरघरतंय, हॉल गच्च भरलेला.

आणि तो फोटो आला. भिंतभर. हॉलमधून ‘आहा’ असा आवाज उठला.

"या एका क्षणासाठी," तो मऊ आवाजात सांगत होता, "मी किती वेळ त्या पाण्यात श्वास धरून बसलो, त्याची गणती नाही. माशाला घाई चालत नाही. तुम्ही त्याच्या मनाने चाललात, की एक दिवस तो आपणहून तुमच्यासमोर येतो."

माझं सगळं वाट बघणं, ती पायरी, तो शेवाळाला टेकवलेला कॅमेरा, सगळं त्याने उचलून स्वतःच्या तोंडात घातलं होतं. मी उठले. खुर्च्यांच्या मधून पुढे गेले, कापडाजवळ. माझी सावली माशावर पडली तसे लोक कुजबुजायला लागले. मी जबड्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"रोलवर ओरखडा आलाय," तो लगेच म्हणाला.

"ओरखड्याची सावली पडत नाही," मी म्हटलं. "ही बघा, ओठावर त्याची सावली पडली आहे. हा दोरा आहे. मासा पायरीला बांधला होता. ज्यांचं तळं आहे त्या इथे बसल्या आहेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. काकी मागच्या रांगेत, दादाच्या शेजारी, पदर डोक्यावर घेऊन बसली होती.  मग त्याने हसून हॉलकडे बघितलं, जणू आता सगळ्यांनी मिळून एका हट्टी बाईची समजूत घालायची आहे.

"बाई, मला एक सांगा. तुम्ही मासे खाता ना?"

हॉल हसला. आमच्या गावातला हॉल, माझ्याकडून लग्नाचे फोटो काढून घेतलेली माणसं.  उत्तर मागून आलं.

"खातो की," काकी बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "गळाला लागला तर गळाला लागला म्हणून सांगतो. आपणहून ताटात आला, असं नाय सांगत."

हसणं थांबलं. यंत्राची घरघर तेवढी राहिली. मला वाटलं आता कुणीतरी बोलेल. कुणीतरी उठून म्हणेल की हा फोटो उतरवा. एवढी शिकली-सवरलेली माणसं बसली होती, एवढं स्वच्छ डोळ्यांसमोर होतं. तेवढ्यात संयोजकांपैकी एक जण माइककडे आले. "विषय रंगतोय, पण वेळेचं भान ठेवायला हवं. चहा तयार आहे," ते म्हणाले.

आणि लोक चहाला गेले.

शाल-श्रीफळसुद्धा झालं. काहींनी त्याची सही घेतली. बाहेर पडताना एका ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "ताई, तुमचं बरोबर असेल. पण फोटो मात्र उत्तम आहे हं."

बाकी सगळ्या गोष्टी कदाचित विसरले असते. हे वाक्य मला विसरता येत नाही. कारण ते गृहस्थ वाईट नव्हते. आणि तेच वाक्य मी आता दर मोसमात, वेगवेगळ्या तोंडून ऐकते. आता तर पाण्यात जाणारा कॅमेरा खिशात मावतो. मालवणला गेले होते, तिथे बोटीवरच्या माणसाने केंडमासा हातात दाबून फुगवून दाखवला, कारण फुगलेला छान दिसतो. सगळ्यांनी फोटो काढले. तो मासा भीतीने फुगतो, असं मी म्हटलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "पण काकू, क्यूट दिसतोय."

फोटो उत्तम आहे म्हणजे काय आहे? बांधलेल्या माशाला टाइमिंग कसलं लागतं? तो जाणारच नाही कुठे. दोरा ओढला की तोंड उघडेल, पुन्हा ओढला की पुन्हा उघडेल. क्षण साधायचा म्हणजे तो हुकू शकला पाहिजे. माझा हुकला होता. तोंड मिटलं होतं, कारण ते मिटायचं की उघडायचं हे ठरवणारा तो होता, मी नव्हते. आणि जागा? जागा साधणं म्हणजे आपण कुठे पडून राहावं हे शोधणं. दुसऱ्याला कुठे डांबावं हे ठरवणं नव्हे. लोक मला म्हणाले, हा मत्सर आहे, त्याचा फोटो जगभर गेला आणि तुझा स्टुडिओच्या काचेत राहिला. असेल थोडा मत्सर. पण मत्सराला एवढी वर्षं टिकायची ताकद नसते.

हॉलमधून आम्ही तिघं बाहेर पडलो. दादाने रिक्षा थांबवली.  उतरताना काकी मला म्हणाली, "तू कशाला रडतंस गो? मासा माझा व्हता."

पुढच्या पावसाळ्यात तिच्या मुलाने खाडीतून नवी पिल्लं आणून सोडली. आश्विन आला, भांग आला, पाणी निवळलं. माझी जायची हिंमत होत नव्हती. तिनेच निरोप पाठवला. मी कॅमेरा घेऊन गेले, पण पायरीवर बसूनच राहिले. काकी माझ्या शेजारी येऊन टेकली. पिशवीतला मुखवटा तिने हातात घेऊन उलटासुलटा केला.

"यातून दिसतंय काय सगळं?"

"बघायचंय?"

तिने अंबाडा सोडला, पट्टा मी बांधला. दोन पायऱ्या उतरून ती पाण्यात बसली. तिचे खांदे धरून मी तिला सांगितलं, श्वास घे आणि नुसतं तोंड बुडव, घाबरलीस तर वर ये. ती एकदा लगेच वर आली, खोकली. दुसऱ्यांदा जास्त वेळ राहिली. तिसऱ्यांदा इतका वेळ राहिली की मी तिला ओढायला हात पुढे केला.

ती वर आली. पाणी केसांतून गळत होतं. मुखवटा काढायचं तिला सुचलं नव्हतं, काचेतून तिचे डोळे मोठे दिसत होते.

"आला व्हता," ती म्हणाली. "वीतभरच हाय. पण इथं, माझ्या नाकासमोर उभा राहिला. डोळा केवढा गो त्याचा. मला बघत व्हता."

"हो. बघतात ते."

 कापणीच्या बायकांचा आवाज लांबून येत होता. मग तिची हनुवटी थरथरायला लागली. मासा मेला तेव्हा, खड्डा खणला तेव्हा, हॉल हसला तेव्हासुद्धा मी ते पाहिलं नव्हतं.

"माझा तर केवढा मोठा व्हता," ती म्हणाली. "तो पण त्या माणसाला असाच बघत असंल. आणि त्यान् त्याच्या डोळ्यात बघून दोरा ओढला."